डॉक वासेक आणि माझ्या खोड्या

डॉक वासेकला मी नापास करावं, अशी गळ मला त्याच्या सख्ख्या बायकोनेच घातली होती.

शुक्रवारी दुपारी त्याची बायको मार्लिस माझ्या हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, आली. हातात खसखशीच्या कोलाच्यांचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा, डबा होता, वरचे अजून गरम होते, आणि चेहरा असा की मला वाटलं गावात कुणीतरी गेलं. डबा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "विनी, उद्या ऑरिनची परीक्षा तूच घेणार ना?"

"दुसरं कोण घेणार? या तालुक्यात दुसरा शिक्षक आहे कुठे?"

"मग सही करू नकोस."

आमच्याकडे हौसेने विमान उडवणाऱ्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी शिक्षकाला शेजारी बसवून उडून दाखवावं लागतं. शिक्षकाने सही केली तर आभाळ मोकळं, नाही केली तर विमान हँगरमध्ये, कबुतरांना बसायला. आणि डॉकने, म्हणजे तिच्या ऑरिनने, स्वतःच घरात जाहीर करून टाकलं होतं की या खेपेला विनीने सही नाही केली, तर विमान विकून टाकायचं. ओमाहाचा एक दातांचा डॉक्टर ते घ्यायला टपूनच बसला होता.

"अगं पण दवाखाना बंद केल्यापासून तो सकाळी उठतो तो त्या विमानासाठी," मी म्हणाले. "ते काढून घेतलंस तर दिवसभर तुझ्या स्वयंपाकघरात बसून राहील. चालेल?"

"बसू दे. जिवंत बसेल." मग तिचा आवाजच बदलला. "तो एकटा उडतो ना, तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालते. संपले की पुन्हा काढते आणि पुन्हा घालते. इंजिनाचा आवाज परत येईपर्यंत आत पाऊल टाकवत नाही मला. आणि तुला खरं सांगू, मलाही वर जायला आवडायचं गं. पण दाराच्या त्या दिवसानंतर नाही."

दाराचा दिवस आमच्या सगळ्या विल्टन फोर्क गावाला पाठ आहे. गेल्या शरदात नवराबायको शेजारच्या गावी पॅनकेक खाऊन परत यायला निघाले. चाकं जमिनीवरून सुटली आणि मार्लिसच्या बाजूचं दार खटकन उघडलं. आता उघडलेलं दार म्हणजे काय, तर वाऱ्याचा आवाज. बस. वारा ते चार बोटांपलीकडे उघडू देत नाही, आणि विमानाला तर दाराचं काही पडलेलंच नसतं. तसंच उडत राहायचं, गोल फिरून यायचं, उतरायचं, दार लावायचं. पण डॉकने दोन्ही हात सोडले, बायकोच्या मांडीवर आडवा झाला आणि दार ओढत बसला. विमान हळूहळू कलायला लागलं, मक्याची शेतं खिडकीत वर यायला लागली, आणि हा आपला दाराशी कुस्ती खेळतोय. शेवटी मार्लिसने थर्मास उचलून त्याच्या टाळक्यात हाणला, तेव्हा कुठे गडी भानावर आला.

आणि हा माणूस भित्रा म्हणावा तर तसंही नाही. तीस-पस्तीस वर्षं गुरांचा डॉक्टर होता. ऐन हिमवादळात गोठ्यात आडवा पडून, खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालून, गाणी म्हणत वासरं काढलीत त्याने. कुचेरा नावाच्या शेतकऱ्याच्या बैलाने त्याला फाटकाला चेपलं होतं, तर हा त्या बैलाशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला, बैलच कंटाळून निघून गेला. पण विमानात एक लाल दिवा लागू दे, की त्याची बोबडी वळते. गाईत जीव असतो, तिला समजावता येतं, असं तो म्हणतो. यंत्राला काय सांगणार?

"बघते," मी मार्लिसला म्हणाले. डबा ठेवून घेतला. ती गेल्यावर दोन कोलाचे खाल्ले आणि मग मला माझाच राग आला, कारण लाच खाल्ल्यासारखं वाटायला लागलं.

माझ्याबद्दलही सांगितलं पाहिजे. मी विनिफ्रेड टॉफ्ट. या तालुक्यात जो कुणी उडतो त्याला मी शिकवलंय, आणि जो उडता उडता राहिला त्यालाही मीच हाकललंय. माझ्या खोड्या प्रसिद्ध आहेत. न्हाणीघरात साबण चिकटवायच्या रबरी चकत्या मिळतात ना, त्या मी खिशात ठेवते आणि ऐनवेळी विमानातल्या वेगाच्या, उंचीच्या घड्याळांवर फटाफट चिकटवते. काटे दिसत नाहीत, आता उडव. चालत्या विमानात पेन्सिल पाडते आणि विद्यार्थी उचलायला वाकला की ओरडते. पायाच्या अंगठ्याने इंधनाची कळ बंद करते. एकदा तर बेशुद्ध पडायचं सोंग केलं होतं. तेव्हा शेजारी बँकेचा मॅनेजर होता, तो प्रार्थना म्हणायला लागला, मलाच उठून त्याचं विमान सांभाळावं लागलं.

हे मी हौसेने करत नाही. बरं, थोडं हौसेने करते. पण दर हिवाळ्यात चर्चच्या तळघरात मी वैमानिकांना एक भाषणही देते, की घाबरलेल्या माणसाचं वर काय होतं. डोळे नळीतून बघितल्यासारखे एकाच गोष्टीवर खिळतात. कान बंद होतात. हात भलतंच काहीतरी करतात. बिघडलेलं यंत्र माणसाला मारत नाही, यंत्राकडे टक लावून बसलेला माणूस स्वतःच मरतो, असं मी तिथे टेबलावर मूठ आपटून सांगते आणि मग सगळे कॉफी पितात. इतकी वर्षं हेच भाषण. आता एक गंमत ऐका. खरंखुरं काही बिघडलंय आणि मी विमानात आहे, असं माझ्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. जे काही बिघडायचं ते मीच बिघडवायची.

शनिवारी सकाळी आमच्या धावपट्टीवर पॅनकेकचा कार्यक्रम होता. आजूबाजूच्या चार गावांतून विमानं आली होती. मोठ्या हँगरमध्ये तवे तापले होते, म्हातारे बाकांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या उतरण्याला नावं ठेवत होते, आणि तव्यांवरच्या तुळईला रेडिओचा कर्णा टांगलेला होता. वर कुणी काय बोलतंय ते खाली सगळ्यांना ऐकू येतं. आमच्याकडे खाजगी असं काही नसतं. मार्लिस ॲप्रन बांधून तव्यापाशी उभी होती. मी जवळून गेले तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

डॉक विमानापाशी घामाघूम उभा. दार त्याने तीनदा लावून बघितलं, आणि मी चढून बसले तर काय, माझ्या बाजूच्या कडीला दोर बांधलेला.

"हे काय आहे, डॉक?"

"वासराचा दोर. दार उघडू नये म्हणून."

"आणि काही झालं तर मी बाहेर कशी पडणार?"

"काही होणार आहे का?" त्याचा चेहरा पांढराफटक.

"सोड तो दोर, बाबा. माझं वय झालंय, मला गुरासारखं बांधू नकोस."

वर गेलो. वळणं चांगली घेतली. मंद उडवलं, नीट उडवलं. मी चकत्या चिकटवल्या तर हसला, म्हणाला, "तुझ्या न्हाणीघरात साबण कुठे ठेवतेस गं मग?" आणि काटे न बघता सरळ उडवत राहिला. हीच तर पंचाईत होती. खोड्यांमध्ये डॉक कधीच चुकत नाही. कारण त्याला ठाऊक असतं की ही विनी आहे, विनीने केलंय, विनी मरू देणार नाही. खऱ्या बिघाडात तो काय करेल हे मला बघायचं होतं, आणि परीक्षा तर नेहमी खोटीच घ्यावी लागते. खरी घेणार कशी? सही करायची की नाही, मला काही ठरवता येईना. मार्लिसचे ते कपडे सारखे डोळ्यांसमोर येत होते.

म्हटलं, शेवटी एकदा इंजिन बंद करून बघू आणि मग ठरवू. विमानाच्या मधल्या फळीवर एक काळी मूठ असते. आत ढकलली की इंजिनाला जोर येतो, बाहेर ओढली की इंजिन नुसतं गुरगुरत राहतं आणि विमान तरंगत तरंगत खाली येतं. तिला थ्रॉटल म्हणतात. आम्ही गावाच्या पाण्याच्या टाकीवर होतो. मी गप्पकन मूठ बाहेर ओढली.

"इंजिन गेलं," मी म्हणाले.

"आली का खोडी," डॉक म्हणाला. विमानाचं नाक खाली केलं, वेग धरला, आत बर्फ धरू नये म्हणून कार्ब्युरेटरला गरम हवा सोडली, इंधन तपासलं, सगळं तोंडाने म्हणत म्हणत, आणि धावपट्टीकडे वळलासुद्धा. बिनचूक. माझ्याकडे नाव ठेवायला जागा उरली नाही, याचा मला थोडा रागच आला.

निम्म्या वाटेवर मी म्हणाले, "पुरे. घे तुझं इंजिन." आणि मूठ आत ढकलली.

काही झालं नाही. इंजिन आपलं गुरगुरतंय. मी मूठ बाहेर ओढून पुन्हा आत ढकलणार होते, तर ती बाहेर आली ती आलीच. अख्खी माझ्या हातात. मागे हातभर तार, टोकाला तुटलेली, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी लोंबतेय.

डॉकचं लक्ष समोर, धावपट्टीकडे. मी शिकवलंय तसं.

"डॉक," मी म्हणाले, "इंजिन येत नाहीये."

"हो का?"

"खरंच सांगतेय."

"मागे बेशुद्ध पडलीस तेव्हाही कण्हत कण्हत 'खरंच' म्हणाली होतीस. तो बिचारा बँकवाला अजून तुझ्या हँगरवरून जाताना रस्ता ओलांडतो." आणि खो खो हसला. "पण आवाज मात्र छान काढलास. थरथर वगैरे. शाबास."

तो थरथरता आवाज माझा खराखुरा होता.

मूठ वर करून त्याच्या नाकासमोर धरावी म्हणून माझा हात उचललाही गेला होता. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. दोन बोटं कंट्रोलवर, सैल, एखाद्या गाईच्या पाठीवर ठेवावीत तशी. दाराच्या दिवशी हेच हात सगळं सोडून दाराला लटकले होते. मी मूठ तारेसकट माझ्या स्वेटरखाली सरकवली आणि तोंड मिटलं.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षक तू, तूच घ्यायचं होतंस विमान हातात. म्हणायला सोपं आहे. माझी पाचावर धारण बसली होती. मी त्या फळीवरच्या भोकाकडे बघत होते, जिथून मूठ निघाली होती. एवढंसं भोक. त्यात बोट घालून आतली तार ओढता येईल का, याचा मी विचार करत होते, आणि खरंच बोट घातलं. धावपट्टी कुठे आहे, किती उंचीवर आहोत, काही ध्यानात नाही. मला फक्त भोक दिसत होतं.

"विनी, एमरी काहीतरी विचारतोय," डॉक म्हणाला.

रेडिओ माझ्या कानाशी बोंबलत होता, आणि मला ऐकूच आला नव्हता. एमरी म्हणजे आमचा फवारणीवाला. त्याचं पिवळं विमान औषधाने भरून धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं.

"डॉक, मी निघू का? की उतरताय?" एमरी.

"आम्ही नुसती प्रॅक्टिस करतोय," डॉक रेडिओवर म्हणाला. "विनीच्या नेहमीच्या खोड्या. तू आधी निघ, आम्ही एक फेरी मारून—"

फेरी. कसल्या इंजिनावर मारणार होता फेरी? मी त्याच्या हातातून माइक हिसकावला. "एमरी, जागचा हलू नकोस."

"विनी, अगं वारा सुटायच्या आत मला कुचेराचं शेत उरकायचंय. तुमची तर प्रॅक्टिसच आहे ना?"

खरं बोलायची सोय नव्हती. डॉक शेजारी, आणि त्याचे ते सैल हात. "एमरी स्टॉल्टेनबर्ग," मी म्हणाले, "तू पहिल्यांदा एकटा उडालास त्या दिवशी उतरल्यावर कुणाच्या गळ्यात पडून रडला होतास, ते आत्ता इथे सगळ्यांना सांगू का?"

मग एमरी म्हणाला, "थांबतो."

डॉक कौतुकाने म्हणाला, "आज फारच रंगात आली आहेस तू."

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. कर्ण्यातून हे सगळं हँगरभर ऐकू गेलं आणि बाकांवरचे म्हातारे हसायला लागले. मार्लिस हसली नाही. तिने हातातला पॅनकेक तसाच तव्यावर जळू दिला. "विनीचा आवाज ऐका," एवढंच म्हणाली. हसू थांबलं. मग ती रेडिओपाशी गेली, माइक उचलला, कळीवर अंगठा ठेवला, आणि ठेवूनच उभी राहिली. काय विचारणार होती? ऑरिन, बरा आहेस ना? तिचा आवाज ऐकला असता तर डॉकला त्याच क्षणी सगळं कळलं असतं. तिने माइक हळूच परत खुंटीला लावला. पॅनकेक जळल्याचा वास अख्ख्या हँगरमध्ये पसरला तरी कुणी तव्याकडे गेलं नाही.

वर मी एकदाचे डोळे उचलून बघितलं, तर आम्ही फार उंच होतो. निदान मला तसं वाटलं. धावपट्टी नाकाखाली, पलीकडे हँगर, हँगरात अख्खं गाव. इंजिन नाही म्हणजे एकच संधी. आपण धावपट्टीवरून पुढे निघून जाणार आणि सगळ्यांच्या पॅनकेकांत घुसणार, एवढं एकच डोक्यात बसलं. पंखांमागे फ्लॅप असतात, झडपांसारखे. खाली सोडले की विमान मंदावतं आणि झपकन खाली बसतं. मी फ्लॅपच्या बटणाकडे हात नेला.

डॉकने माझ्या हातावर चापट मारली. अशी, की माझी बोटं झिणझिणली.

"लबाडी करू नकोस," तो म्हणाला. "कालवा मागे पडेपर्यंत फ्लॅप नाही. कुणी शिकवलं मला हे?"

"मी."

"मग?"

धावपट्टीच्या अलीकडे शेतीच्या पाण्याचा मोठा कालवा आहे, त्याच्या काठाने कॉटनवुडची झाडं. त्या गार पाण्यावर आलं की विमान खाली ओढलं जातं, हे मी हजारदा सांगितलंय. झाडांच्या वर आलो आणि खरंच खुर्ची अंगाखालून निसटल्यासारखी झाली. सगळी उंची गेली. मगाशी जी उंची मला जास्त वाटत होती, ती जेमतेम होती. शेंडे चाकांना घासून जातात की काय असं वाटलं, कालव्याचं तपकिरी पाणी एकदम जवळ दिसलं, आणि डॉकचा उजवा हात नकळत काळ्या मुठीकडे गेला. तिथे मूठ नव्हती.

त्याची बोटं त्या भोकाला लागणार तेवढ्यात मी त्याच्या हातावर चापट मारली, मगाचच्यापेक्षा जोरात.

"आता तू लबाडी करतोयस," मी म्हणाले. "इंजिन गेलंय तुझं. विसरलास?"

"नुसतं बघत होतो गं," तो ओशाळून म्हणाला, आणि हात परत कंट्रोलवर नेला. नाक इतकुसं खाली केलं, वेग जाऊ दिला नाही. कालवा मागे पडला. कुंपण मागे पडलं. तेव्हा कुठे त्याने फ्लॅप सोडले, आणि आम्ही धावपट्टीच्या पहिल्याच पट्ट्यावर असे टेकलो की घड्याळांवरची एक चकतीसुद्धा पडली नाही. बाकांवरच्या म्हाताऱ्यांना नाव ठेवायला काही सापडलं नसणार.

विमान रांगत रांगत गवताच्या कडेला जाऊन थांबलं. डॉक घाम पुसत माझ्याकडे वळला. चेहरा खुललेला, जत्रेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा. "बोल, झालो पास? आणि इंजिन दे आता, हँगरपर्यंत नेतो."

मी स्वेटरखालून मूठ काढली आणि त्याच्या हातात दिली.

त्याने मुठीकडे बघितलं. तारेकडे बघितलं. मग भोकाकडे. परत मुठीकडे.

"हे कधी?"

"पाण्याच्या टाकीच्या जरा पुढे."

त्याने शिस्तीत इंजिन बंद केलं, कळा बंद केल्या, पट्टा सोडला, खाली उतरला, चार पावलं गवतात गेला आणि खाली बसून सकाळचं सगळं ओकला. मी त्याला धीर द्यायला उतरले, तर द्यायला धीर माझ्यापाशीच उरला नव्हता. मग मीही गवतात बसले.

मार्लिस धावत आली, हातात उलथनं तसंच. आधी तिने ते माझ्या खांद्यावर मारलं. मग नवऱ्याच्या. मग आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि ॲप्रनने तोंड झाकून रडली. डॉक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. तिकडे एमरीने इंजिन बंद केलं होतं आणि तो आपल्या विमानावर चढून आमच्याकडे बघत उभा होता.

शेवटी डॉक म्हणाला, "सही करू नकोस, विनी. मला वाटलं खोडी आहे. खरं आहे हे कळलं असतं तर मी त्या भोकात बोट घालून बसलो असतो."

"बोट मी घातलं," मी म्हणाले.

दोघं माझ्याकडे बघायला लागली.

"हो, मी. मला माहीत होतं ना खरं आहे ते. मी भोकात बोट घातलं, मला रेडिओ ऐकू आला नाही, आणि फ्लॅप सोडून मी तुला कालव्यात घालणार होते. तू माझ्या हातावर मारलंस म्हणून आपण इथे बसलोय. आणि मी इथे दर हिवाळ्यात भाषण देते, देवा." मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. "कुठे आहे तुझं उड्डाणांच्या नोंदीचं पुस्तक? आण इकडे."

मी सही केली. ती इतकी वाकडी आली की माझी आहे हे बँकेनेसुद्धा मानलं नसतं. मार्लिसकडे बघायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं, आता ही माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. तर तिने एवढंच विचारलं, "त्याला खोडी वाटली, म्हणून त्याचा हात कापला नाही? एवढंच?"

"एवढंच."

ती उलथन्याकडे बघत बसली. मग उठली, ॲप्रन झटकलं आणि तव्याकडे गेली.

दातांचा डॉक्टर हिरमुसला. डॉकने नवी तार घालून घेतली. मी महिनाभर कुणाला शिकवायला गेले नाही. मग एमरीनेच मला शेजारी बसवून चार दिवस वर नेलं, माझ्याच चकत्या घेऊन, आणि मला असं छळलं की विचारू नका. म्हणाला, रडायचं असेल तर मी कुणाला सांगणार नाही. आणि उन्हाळा सरता सरता एका शनिवारी मार्लिस नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली, न विचारता, न सांगता. आम्ही सगळे कॉफीच्या कपात बघत राहिलो. अशा वेळी टाळ्या वाजवल्या तर माणूस उतरून जातो.

ऑक्टोबरात ती पुन्हा माझ्या हँगरमध्ये आली. डबा होता, पण ती आधी बसली.

"काल परत येताना," ती म्हणाली, "लाल दिवा लागला. मग रेडिओ गेला. मग कसलासा जळका वास यायला लागला."

मी हातातलं काम ठेवलं.

"ऑरिनचा हात बघितला मी. बोटं पांढरी. तोंड उघडं, दाराच्या दिवशीसारखं. मेलो म्हटलं. आणि मी त्याला म्हणाले, 'ऑरिन, ती माझी खोडी आहे.'"

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, 'विनीने शिकवली आहे मला. बघू आता काय करतोस ते.'"

"अगं, तुला तो दिवा कशाचा असतो हे तरी माहीत आहे का?"

"नाही."

"मग त्याला पटलं?"

"छे. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात नकाशा होता, त्याचा मी चोळामोळा केला होता. चाळीस वर्षं राहतेय त्याच्याबरोबर, त्याला कळलेलं मला कळतं. चांगलं कळलं त्याला. पण तो म्हणाला, 'झकास खोडी आहे, मार्लिस.' आणि त्याने एक बटण बंद केलं, वास गेला, आणि घरी येईपर्यंत मला कुचेराच्या गाईंची गोष्ट सांगत राहिला. ती मी आधी ऐकलेली होती. तरी मी पुढे काय झालं, पुढे काय झालं, असं विचारत राहिले."

"आणि उतरल्यावर?"

मार्लिसने डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "उतरल्यावर त्याने इंजिन बंद केलं. दार उघडलं नाही. माझा हात हातात घेतला, आणि त्याचा माझ्यापेक्षा जास्त कापत होता. म्हणाला, 'पुढच्या खेपेला जरा सोपी घाल.' मग आम्ही तिथेच बसून राहिलो, अंधार पडेपर्यंत."